सरपंच घरी न्हाईत

आमची नात पोलीस भरतीचा अभ्यास करती. पहाटं डांबरीवर पळून येती, आंघोळ करती आन् पडवीत बसून मोठ्यानं पाठ करती. मोठ्यानं म्हनल्याबिगर डोक्यात ऱ्हात न्हाई म्हनं. मी समोर मटकी न्हाईतर बाजरी निवडत बसते. माजी शाळा तिसरीतच सुटली. आता नातीच्या तोंडून जे कानावर पडंल तेवढंच माजं शिक्शान.

त्या दिशी राष्ट्रपती चालले हुते. कोन किती वर्षं खुर्चीवर हुतं ते. पयले सगळ्यात जास्त, बारा वर्षं. दोघं जन खुर्चीवर असतानाच वारले. मधी एक जन नुस्ता महिनाभर, दुसरा येईस्तोवर खुर्ची राखायला. बाकीचे बहुतेक पाच-पाच वर्षं.

"आन् आता बाई हाय," नात म्हनली. "याच्या आदीबी एक बाई झाली आजी, आपल्या महाराष्ट्रातली. तिनंबी पाच वर्षं पुरी केली."

मी मटकीतला खडा काढत इचारलं, "मंग तवा राष्ट्रपती कोन हुता?"

"ती बाईच की."

"बाई न्हाई गं. बाईचा राष्ट्रपती. कारभार बघनारा."

नातीनं पुस्तक खाली ठिवलं. "आजी, बाईलाबी राष्ट्रपतीच म्हनत्यात."

"बाईला पती कसं म्हनतील?"

"तिथं पती म्हंजे नवरा न्हाई. पती म्हंजे धनी. मालक."

"तेच म्हनते मी. धनी, मालक म्हंजे कोन मंग? नवराच की!"

माजी धाकली जाऊ उंबऱ्यावर मशेरी लावत बसली हुती. तिला असं हसू फुटलं की मशेरी अंगावर उडाली. "अगं पोरी, तुज्या आजीला वाटतं दिल्लीलाबी सरपंचपती असतोय!"

आमच्या कर्जतच्या बाजूला बाई सरपंच झाली की तिच्या नवऱ्याला सरपंचपती म्हनत्यात. सरकारनं असं पद काढल्यालं न्हाई, लोकांनीच काढलंय. काही जन तर गाडीच्या काचंवर लिवून घेत्यात. माझ्याबी घरात तसा एक हुता. नातीला हे ठावं नव्हतं. तिला एवढंच ठावं की ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सरपंचांची नावं रंगवल्यात, त्याच्यात आजीचं नाव हाय, म्होरं पाच सालं लिवल्यात. शाळंत असताना मैत्रिनींना न्हेऊन दावायची, ही माजी आजी.

जाऊ कुठली गप बसती. तिला ताल सापडला हुता.

"बोर्डावर नाव अक्काचं आन् खुर्चीत बसायचे भावजी. तुला ती सायबाची गोष्ट सांगितली का हिनं?"

"जाऊ दे गं," मी म्हनलं.

"जाऊ दे कशाला? ऐक पोरी. कर्जतवरून सायब आला हुता. आमी दोगी कांदा खुरपत हुतो. बांधावर उभा ऱ्हाऊन म्हनला, सरपंच कुठं भेटतील? ही उठली, पदर घेतला डोक्यावर, आन् म्हनती, ते घरी न्हाईत, बाजारला गेल्यात. सायब म्हनला, बाई, तुमी कोन? तर ही म्हनती, मी सरपंचाची बायकू!"

जाऊला हसून हसून ठसका लागला. नात हसली न्हाई. तिनं माझ्याकडं बघितलं. बरीच वर्षं ही गोष्ट गावात चालती, लगनात, हळदीला, बायका सांगत्यात, मीबी हसते त्यांच्यासंगं. पर नातीनं तसं बघितल्यावर मटकीचं सूप हातात तसंच ऱ्हायलं. बारीकसारीक खडा हुडकायचं नाटक केलं मी. दिसत तर काहीच नव्हतं.

सायब तरी काय करनार? तो मोटारसायकलवर बसून गेला. तो शेवटपतोर मालकालाच सरपंच समजत हुता.

माज्या टायमाला सरपंचपद बाईला राखीव निघालं हुतं. त्याच्या आदी आमी श्रीरामपूरकडं ऊस तोडायला जायचो, थंडीत पाल ठोकून ऱ्हायचो. मालकाला गावात इज्जत हुती, बोलनं गोड. लोक म्हनले, तुमच्या मंडळीला उभी करा. मला रात्री जेवताना सांगितलं, उद्या लुगडं बरं नेस. मेंबरांनी हात वर केले, गळ्यात हार पडला. घरी आल्यावर हार मालकाच्या गळ्यात गेला आन् मी भाकरी थापाय बसले.

दुसऱ्या दिशीबी मी खुरपायलाच गेले. सरपंच झालं म्हनून रान थांबतं व्हय? ज्याच्या रानात खुरपायचे तो म्हनायचा, सरपंच, ती वळ तनाची ऱ्हायली बगा. मला सही कुठं करायची तेवढं शिकवलं हुतं. ती केली की माजं काम झालं.

शिक्का मालकाच्या खिशात असायचा. गोल, लाकडी मुठीचा. डब्बीतल्या जांभळ्या शाईत दाबायचा आन् उमटवायचा. गडबडीत न पुसताच खिशात टाकायचे. पांढऱ्या शर्टाच्या खिशाला जांभळा डाग पडायचा, रुपयाएवढा. निरमा लावा, लिंबू लावा, दगडावर घासा, जायचा न्हाई. फिका व्हायचा न व्हायचा तोवर पुन्हा नवा. माजी सरपंचकी म्हंजे तो डाग. पाच वर्षं मी तो धुतला. मानूस वाईट नव्हता. मारलं न्हाई, दारू न्हाई. गावाला दोन हापसे आनले. पर बायका हापशावर मला इचारायच्या, आमच्या गल्लीला कवा? मी म्हनायचे, ह्यांला इचारते. त्या हळूहळू माज्याकडं यायच्याच बंद झाल्या. सरळ त्यांच्याकडं जायच्या.

आता मालक न्हाईत. त्यांचं काय काढायचं. लाज माझ्या वाट्याला ऱ्हायली, ती मी बघते.

आन् हे सगळं निघालं त्याच आठवड्यात गावात पुन्हा बाईला राखीव निघालं. पोरगा संध्याकाळी खुशीत घरी आला. चप्पल न काढताच पडवीत बसला, बायकूला हाक मारली. माजी सून बारावी शिकल्याली हाय, बालवाडीवर मदतनीस हुती. कामाला वाघीन.

"तुला उभी करतोय," तो म्हनला. "लोकं मागं लागल्यात."

सून म्हनली, "ऱ्हाते की. पर शिक्का माज्यापाशी ऱ्हाईल."

"शिक्का काय मंगळसूत्र हाय का, गळ्यात घालून हिंडायला?"

"मंग तुमच्या खिशात तरी कशाला?"

पोराचं तोंड उतरलं. तो माझ्याकडं वळला. "आई, हिला सांग जरा. नुस्तं उभं ऱ्हायचंय, बाकी मी बघतो. तू न्हाई का पाच वर्षं काढली? कदी तोंड उघडलं का? गावात अजून नाव घेत्यात लोक, सरपंचीन असावी तर अशी."

तो माजं कौतुक करत हुता. मनापासनं करत हुता. मुस्काडात बसावी तसं मला झालं. नात दारात उभी हुती, पुस्तक छातीशी धरून. सून चुलीपाशी थांबली हुती. सगळे माझ्याकडं बघायले. मी जे म्हनंन ते व्हनार हुतं, कारन सुनंनं आजपतोर माजा शबूद मोडला न्हाई. मी म्हनले असते, ऱ्हा उभी, बघंल तो, तर तिनंबी पदर घेतला असता डोक्यावर.

मला मोठं काही बोलता येत न्हाई. मी म्हनलं, "तुज्या बापाचा शर्ट मी धुतला. तिला तुजा धुवाय लावू नगं."

"शर्टाचं काय मधीच?" पोरगा म्हनला. त्याला काही कळलं न्हाई. तवा तो लहान हुता, डाग त्यानं बघितला असंल पर धुतला थोडीच. सुनंला कळलं. तिनं तवा उतरवला आन् म्हनली, "हात धुवा, जेवाय वाढते."

पोरगा चार दिस धुसफुसत ऱ्हायला. म्हनायचा, लोकं हसतील मला. मी म्हनलं, हसू देत, मला हसले तवा मेले का मी? पर शेवटी तोच घरोघर फिरला, त्यानंच गाडी केली, आन् सून निवडून आली.

इथं थांबले असते तर बरं हुतं. मला वाटायला लागलं हुतं, की आपुन काहीतरी चांगलं केलं. जावंलाबी मी एकदा ऐकवलं, आता सांग तुजी सायबाची गोष्ट.

मंग एक दिवस दुपारी माळावरच्या वस्तीतला एक मानूस आला. उन्हातनं चालत आला हुता, टोपी काढून तोंड पुसत हुता. मी पडवीत हुते. पोरगा नगरला गेल्ता. नाव बदललं तरी आमच्या तोंडात नगरच.

"सरपंच हायत का घरी?"

"न्हाईत," मी म्हनलं. "नगरला गेलेत. रातच्याला येतील."

मानूस वळला. चार पावलं गेला असंल. मागल्या दारानं सून आली, हात पिठाचे. "भाऊ, थांबा. मी हाय की घरी."

त्यांच्या वस्तीवर टँकर येत नव्हता. रस्ता खचलाय म्हनून डायवर खालीच टाकी वतून जायचा. बायकांना चढ चढून पानी न्ह्यावं लागायचं. सुनंनं तिथंच फोन लावला, डायवरला चांगला झापला, मंग कर्जतला लावला. मानसाला पानी दिलं, बसवलं. मी तिथंच हुते. मानसानं जाताना मलाबी रामराम घातला. मला हात उचलंना.

जाऊनं सांगितल्याली गोष्ट जुनी हुती. तवा मी अडानी, नवी, भ्याल्याली. असं म्हनून घ्यायची सोय हुती. ही तर माज्याच घरात, माजी सून, माज्याच शबुदावर उभी केल्याली. आन् माज्या तोंडात सरपंच म्हनल्यावर कोन आलं? पोरगा. सायबाच्या गोष्टीला नात हसली न्हाई ते उगाच न्हाई. तोंडात जे बसलंय ते बसलंय, पाच वर्षांत बसलं आन् तीस वर्षांत निघंना.

सून रागावली असती तर बरं वाटलं असतं. रोजच्यासारखी पयली भाकरी मला वाढली. वाढताना म्हनली, "आत्या, इथून म्होरं कुनी आलं तर मला हाक मारा. नुस्ती हाक मारायची."

"व्हय," मी म्हनलं.

ती शिक्का पर्समधी ठिवती. कापडी, पिवळी पर्स, बाजारातली. तिलाबी जांभळा डाग पडलाय खालच्या अंगाला. मी म्हनलं, दे, लिंबू लावून बघते. "ऱ्हाऊ द्या आत्या," म्हनली. "कुनाच्या डोळ्यात येतोय?" माज्या डोळ्यात येत हुता, पर मी हात मागं घेतला.

चार-आठ दिसांनी तोच मानूस पुन्हा आला. या वक्ताला पोरगा घरीच हुता, बाजंवर पडला हुता. नात पडवीत पाठ करत हुती. मानूस काही इचारायच्या आदीच मी उठले. सुनंला मी नावानं हाक मारते, न्हाईतर 'अगं' म्हनते. ते वठावर आल्यालं मी गिळलं.

"सरपंच!" मी आत वरडले. "कुनी आलंय."

नातीचं पाठांतर थांबलं. आन् बाजंवरनं पोरगा उठून बसला, चप्पल हुडकाय लागला.

"तुला न्हाई," मी म्हनलं.