तोमाकाकांचा गहू

त्सोन्का गेर्गोव्हा हिने लिपोव्होच्या वाचनगृहात एकतीस वर्षे नोकरी केली, आणि त्यातली शेवटची चौदा अशा एका पुस्तकमालिकेच्या जिवावर काढली, जी तिला स्वतःला कधीच आवडली नाही.

ती मूळची डोंगरातल्या एका वीस घरांच्या खेड्यातली. राजधानी सोफियाला जाऊन ग्रंथपालाचे शिक्षण घेतले, चांगले वाचले, चांगल्याची सवय लागली. लिपोव्होला आली तेव्हा आपण या गावाला वाचायला लावू अशी तिची समजूत होती. सतरा वर्षांनी वाचकांच्या यादीत अकरा नावे उरली होती आणि त्यांतले चौघे वारलेले होते. ते तिला पक्के ठाऊक होते, कारण त्यांची निधनपत्रके तिनेच लिहिली होती. गावात छपाईचे यंत्र एकट्या वाचनगृहात होते. कोणाचे माणूस गेले की घरचे लोक आधी पाद्र्याकडे जात आणि मग त्सोन्काकडे येत. काळी चौकट, वर फोटो, खाली चार ओळी. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाला, तीन वर्षांना. प्रत्येक वेळी तीन प्रती निघत : एक दारावर, एक बसथांब्याच्या खांबावर आणि एक पाववाल्याच्या दुकानाशी.

वाचनगृह बंद करण्याची भाषा सुरू झाली त्याच वर्षी कोणीतरी देणगी दिलेल्या खोक्यातून ‘लाल हिवाळा’चा पहिला भाग निघाला. परदेशी बाईने लिहिलेले, भाषांतरित, मुखपृष्ठावर बर्फ आणि बर्फावर रक्ताचा थेंब. तेरा वर्षांच्या कालिनाने ते नेले आणि दोन दिवसांनी चेरीच्या रसाचे डाग पाडून परत आणले. तिसऱ्या दिवशी जिन्यावर नऊ मुली उभ्या होत्या.

त्सोन्काने तो भाग पेन्सिल हातात घेऊन वाचला. व्हँपायर नायकाचे डोळे मधाच्या रंगाचे आहेत हे लेखिकेने एक्केचाळीस वेळा सांगितले होते. पुस्तक मिटून ती बराच वेळ खिडकीतून बाहेर पाहत बसली. मग उठून दुसऱ्या भागाची मागणी लिहिली. जिन्यावर वाजणाऱ्या बुटांचा आवाज तिने सतरा वर्षे ऐकला नव्हता.

भाग येत राहिले आणि गुरुवारचे वाचकमंडळ वाढत गेले. पाचव्या भागानंतर कुरकुर सुरू झाली. ‘इतक्या वेळात माझ्या आजीची दोन लग्नं झाली असती, हिचं एक ठरत नाही,’ असे नायिकेबद्दल बोलले जाई. सातवा भाग म्हणजे निव्वळ पाणी घातलेले ताक आहे यावर सगळ्यांचे एकमत झाले, आणि आठवा आधी कोणाला मिळणार यावरून त्याच सगळ्यांची भांडणे झाली. त्सोन्का गप्प राहून नंबर लावी. मध्येच ती एखादे खरोखर चांगले पुस्तक त्यांच्यात सरकवी. दहातली एखादी मुलगी ते वाचे. तेवढ्यावर त्सोन्काचा आठवडा निघे.

दहाव्या भागात तोमाकाका मेले.

तोमाकाका म्हणजे त्या कादंबरीतले दफनभूमीचे राखणदार, साधे माणूस. अख्ख्या मालिकेत त्सोन्कालाही आवडणारे ते एकटेच. कालिना तेव्हा औषधाच्या दुकानात कामाला लागली होती आणि रायना बालवाडीत शिकवत होती. पहिल्या नऊजणींपैकी गावात उरलेल्या या दोघीच. बाकीच्या सोफियाला, जर्मनीला, स्पेनला गेल्या. त्या गुरुवारी कालिनाने पुस्तक टेबलावर आपटले. ‘खप वाढावा म्हणून मारलंय म्हाताऱ्याला. असल्या स्वस्त मरणावर रडणाऱ्याची मला कीव येते.’ रायना कोट उचलून निघून गेली. चाळीस दिवसांनी कालिनाने स्वतःच्या हाताने तोमाकाकांचे निधनपत्रक काढले, फोटोच्या जागी कंदील रंगवला आणि खोलीच्या आतल्या दारावर लावले. ‘लेखिकेच्या हातून हत्या’ असे त्यात होते. त्यानंतर ती मालिकेला शिवली नाही. रायनाने अकरावा भाग घरी नेऊन वाचला आणि न बोलता परत केला. तीन वर्षे दोघी एका टेबलाशी बसल्या नाहीत.

आता जूनअखेर त्सोन्का निवृत्त होणार होती. तिच्या जागी कोणी नेमायचे नाही असे वाचनगृहाच्या मंडळाने ठरवले होते. एकच सवलत ठेवली होती : गावातल्या दोन जबाबदार व्यक्तींनी किल्लीसाठी सही केली, तर पुस्तकांची खोली दर गुरुवारी उघडी राहील. एका सहीवर नाही, दोनच हव्यात. नाहीतर पुस्तके खोक्यात जातील.

त्सोन्काने यादी डोळ्यांखालून घातली. शाळकरी मुली पुष्कळ, म्हातारे थोडे. सही करण्याजोगी माणसे दोनच.

ती आधी औषधाच्या दुकानात गेली.

‘मावशी, तुम्ही म्हणाल तर फरशी पुसायला येईन,’ कालिना म्हणाली. ‘पण तिच्या शेजारी बसायला सांगू नका. तीन वर्षांत साधं दुकानात आली नाही. तापाच्या गोळ्यासुद्धा पलीकडच्या गावातून आणते!’

मग ती बालवाडीत गेली. रायना लहान मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधत होती.

‘तिचा राग पुस्तकावर आहे की माझ्यावर, ते तिला आधी ठरवू दे, मावशी. मग सहीचं बघू.’

निवृत्तीला बारा दिवस उरले असताना बाराव्या आणि शेवटच्या भागाची एकच प्रत आली. त्या दिवशी आतल्या दारावरच्या उन्हाने पिवळ्या पडलेल्या कंदिलाकडे पाहताना त्सोन्काच्या लक्षात आले की तोमाकाकांना तीन वर्षे पूर्ण होताहेत. दोघींना बोलावण्याचे हे एक निमित्त होते. बोलावणे तिचे नसते, तोमाकाकांचे असते. ती यंत्राशी बसली आणि आयुष्यभराच्या सवयीने तिची बोटे आपोआप चालू लागली :

‘तीन वर्षे झाली, आमचे प्रिय तोमाकाका, दफनभूमीचे राखणदार, आम्हाला सोडून गेले. त्यांच्या कंदिलाचा उजेड आम्ही विसरलेलो नाही. स्मरणासाठी शनिवारी सकाळी अकरा वाजता वाचनगृहात जमावे. शोकाकुल वाचक.’

फोटो नव्हता, म्हणून रीतीप्रमाणे क्रूस. आणि रीतीप्रमाणेच तीन प्रती. एक खालच्या दारावर लावली, आणि डोक्यात दोघींचाच विचार घोळत असल्यामुळे उरलेल्या दोन्ही घरी जाता जाता चिकटवून टाकल्या : खांबावर आणि पाववाल्याशी. त्या दोघींच्या हाती द्यायच्या होत्या हे तिच्या ध्यानातही आले नाही.

शनिवारी अकराला पाच कमी असताना कालिना आली आणि खिडकीशी उभी राहिली. ‘तुम्ही लिहिलेलं माझ्यापेक्षा बरंय, मावशी,’ एवढेच ती म्हणाली. अकराला रायना आली आणि दाराशी उभी राहिली. मध्ये लांब टेबल, टेबलावर बारावा भाग. त्सोन्का कॉफी ओतत होती. दोघीही एकमेकींना सोडून त्या कॉफीकडे पाहत होत्या.

इतक्यात जिना वाजला. हळू, एकेक पायरी, मध्ये कठड्यावर काठी आपटल्याचा ठोका.

गीना आजी आत आल्या. वय ऐंशीच्या पुढे, डोक्याला काळा रुमाल, आणि दोन्ही हातांत नक्षीचे मोठे वाडगे, वर पांढरे फडके. काठी काखेत. त्सोन्काने फडक्याकडे पाहताच ओळखले. आत उकडलेला गहू होता, वर पिठीसाखर आणि अक्रोड. मेलेल्याच्या नावाने वाटतात तो.

‘देव त्याला क्षमा करो,’ आजी म्हणाल्या आणि वाडगे टेबलावर ठेवले. ‘इतकीच माणसं? एवढा कंदिलाचा माणूस आणि तिघीजणी? गहू कोणी केलाय का?’

आजींनी टेबलावर नजर फिरवली.

‘वाटलंच मला. शहाणी माणसं कॉफी करतात, गहू करायला विसरतात.’

‘आजी,’ त्सोन्का म्हणाली, ‘तुम्ही त्यांना ओळखत होता?’

‘नाही बाई. रात्रभर आठवत होते. आपल्याकडे हा नव्हता, डोंगरापलीकडच्या गावातला असेल म्हटलं. पण आयुष्यभर दुसऱ्यांची थडगी राखली त्याने. त्याच्या तिसऱ्या वर्षाला गहू नको? आणि पत्रक तुझ्या हातचं. माझ्या म्हाताऱ्याचं तूच लिहिलंस. एक शब्द खोटा नव्हता त्यात.’

त्सोन्काला वाटले, जमीन दुभंगावी. पण एकतीस वर्षे या लोकांचे शेवटचे शब्द लिहिणाऱ्या बाईला या म्हातारीशी खोटे बोलता येईना.

‘आजी, तो माणूस नाही. म्हणजे पुस्तकातला आहे. या पुस्तकातला. चूक माझी. ते पत्रक बाहेर लावायचं नव्हतं.’

गीना आजींनी बाराव्या भागाच्या मुखपृष्ठावरचा बर्फ पाहिला. रक्ताचा थेंब पाहिला. मग वाडग्याकडे पाहिले.

‘पहाटे उठून निवडलाय मी हा गहू,’ त्या म्हणाल्या. खुर्ची ओढून बसल्या. ‘आता माघारी नेत नसतात. मेला की नाही मेला तो?’

‘मेला,’ रायना दारातून म्हणाली.

‘मग झालं तर. कोण होता सांगा. अनोळख्याच्या नावानं खाल्लेला गहू घशाखाली उतरत नाही.’

कालिना खिडकीपासून दोन पावले पुढे आली. ‘राखणदार होता, आजी. त्या गावात एक व्हँपायर असतो...’

‘थांब. व्हँपायर मला नको सांगूस. मी शनिवारी जन्मलेली, आम्हाला ते दिसतात. कसला होता?’

‘चांगला होता. रक्त प्यायचा नाही. शाळेत जायचा.’

‘वय काय?’

‘तीनशे.’

‘आणि अजून शाळेत?’

रायनाला हसू आले. तिने ते रुमालात दाबले, पण कालिनाने पाहिले.

‘आमच्या वेळचा व्हँपायर चाळीस दिवस नुसती सावली असायचा,’ आजी सांगू लागल्या. ‘मग त्याला हाडं फुटायची. हाडं फुटली की परगावी जायचा, खाटकाचं दुकान टाकायचा, लग्न करायचा, पोरंबाळं व्हायची. कामाचा माणूस! आणि तुमचा हा शाळेत? बाईने लिहिलंय ना? तरीच. बरं, राखणदाराचं सांग.’

‘त्याला ठाऊक होतं पोरगा कोण आहे ते,’ कालिना म्हणाली. ‘सगळं गाव काठ्या घेऊन शोधत असायचं. हा रोज संध्याकाळी फाटकाची कडी काढून ठेवायचा आणि कंदील बाहेर टांगायचा. पोराला आत यायला. एकदाही बोलून दाखवलं नाही त्याने. आणि त्या लेखिकेने त्याला सत्तर पानांत मारून टाकलं!’

‘सत्तर पानं तू वाचली नाहीस नीट,’ रायना म्हणाली. ती आता टेबलाशी आली होती. ‘आजी, तो आजारी असतो. त्याला जाणार हे कळलेलं असतं. पण सांगत नाही. पोराला तेल कुठे ठेवलंय ते दाखवतो, वात कशी कापायची ते दाखवतो. पोरगा म्हणतो, मला कशाला शिकवताय? तो म्हणतो, माझे हात थरथरतात, म्हणून.’ ती थांबली. ‘मी ते प्रकरण सात वेळा वाचलं. बाबा गेले त्याच महिन्यात पुस्तक आलं होतं. बाबांनी शेवटच्या आठवड्यात मला बंबाची दुरुस्ती शिकवली. मला वाटलं होतं, उगाच वेळ घालवतात.’



कालिनाला रायनाचे वडील गेल्याचे अर्थातच माहीत होते; ती दफनाला गेली होती. दोन गोष्टी एका महिन्यातल्या आहेत हे मात्र तिने कधी जोडून पाहिले नव्हते.

‘मी त्या दिवशी जे बोलले...’ ती म्हणाली, ‘ते त्या लेखिकेला बोलले, रायना. तुझ्याकडे पाहून बोलले एवढंच. मूर्खासारखी.’

‘लेखिका काय इथे बसली होती?’

‘नाही. तू होतीस.’

‘पोरींनो,’ गीना आजी म्हणाल्या, ‘चमचे आहेत का या घरात?’

चमचे दोनच निघाले. आळीपाळीने खाल्ले. प्रत्येकीने पहिल्या घासाला ‘देव त्याला क्षमा करो’ म्हटले. त्सोन्कानेही म्हटले, आणि ते म्हणताना तिला जाणवले की तिची सारी अढी गळून पडली आहे. एक्केचाळीस वेळा मधाच्या रंगाचे डोळे लिहिणाऱ्या त्या बाईने एक म्हातारा आणि एक कंदीलही लिहिला होता. त्या उजेडात चौदा वर्षे ही खोली उघडी राहिली. तिने मनातल्या मनात त्या अनोळखी बाईचे आभार मानले. पेन्सिलीच्या खुणांबद्दल मात्र माफी मागितली नाही. त्या रास्तच होत्या.

‘अकरावा कसा आहे?’ कालिनाने विचारले.

‘भिकार,’ रायना म्हणाली. ‘पण वाचायला लागेल. त्याच्याशिवाय बारावा कळणार नाही.’

‘मग गुरुवारपर्यंत दे.’

‘गुरुवारी कोण उघडणार?’

त्सोन्काने खणातून मंडळाचा कागद काढून टेबलावर ठेवला. कालिनाने सही केली आणि पेन न सांगता पुढे सरकवले. रायनाने कालिनाची सही वाचून पाहिली, मग तिच्या खाली आपली केली.

‘आणि तापाच्या गोळ्या आता माझ्याकडून घे,’ कालिना म्हणाली. ‘पलीकडच्या गावचा माणूस जुना माल विकतो.’

गीना आजी उठल्या. त्सोन्काने वाडगे धुतले, पुसले, आणि ते हातात घेऊन थबकली. दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करायचे नसते, आणि वाचनगृहात साखरेच्या पुडीपलीकडे काही नव्हते. तिने कपाटातून चेरीच्या डागांचा पहिला भाग काढून वाडग्यात ठेवला आणि वर फडके घातले.

‘हे काय गं? मी कधी पुस्तक वाचलंय?’

‘गावातलं एकही पत्रक तुम्ही सोडलेलं नाहीत, आजी. माझी सगळ्यात जुनी वाचक तुम्हीच.’

आजींनी फडके उचलून बर्फ आणि थेंब पुन्हा पाहिला. ‘तो राखणदार यात आहे का?’

‘तिसऱ्यापासून येतो,’ कालिना आणि रायना एकदमच म्हणाल्या.

‘म्हणजे आधी दोन भाग त्या शाळकऱ्याला सोसायचं,’ आजी म्हणाल्या, आणि वाडगे दोन्ही हातांनी धरून, काठी काखेत घेऊन जिना उतरू लागल्या. कालिना एका बाजूने धरायला गेली आणि रायना दुसऱ्या. त्सोन्का वरच राहिली. तिने वाचकांच्या यादीत नवे नाव लिहिले आणि मग खाली जाऊन दारावरचे पत्रक काढले. बसथांब्याच्या खांबावरचे मात्र तसेच ठेवले. पावसाने जाईपर्यंत ते तिथे राहिले.