थोरल्या आईचा अर्धा दिवस

आमच्या गावात भाताच्या लावणीला अजून सावड चालते. आज सगळ्यांनी माझ्या शेतात यायचं, उद्या मी त्यांच्या शेतात जायचं. मजुरी नाही. एका दिवसाला एक दिवस. कोण भराभर लावतं, कोण बांधावर बसून पान खातं, हे बघायचं नाही. कशेळ्याकडच्या रस्त्याला लागून असलेल्या गावांत आता मजूर आणतात. आमच्याकडे चिखल करायला यंत्र आलं, पण लावणी हातांनीच होते आणि हात सावडीचे. पूर्वी सगळं गाव असायचं. आता अकरा घरं उरली आहेत. बाकीच्यांच्या जमिनींवर फार्महाऊस झाली.

त्या अकरांत एक घर थोरल्या आईचं. ती माझी चुलत सासू. तिला मूलबाळ नाही, चुलत सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. सगळं गाव तिला थोरली आई म्हणतं, म्हणून मीही म्हणते. तिची दोन खाचरं आहेत. दहा माणसं आली तर एका दिवसात लावून होतात. म्हणून ती दहा घरी एकेक दिवस जाते आणि दहा घरची दहा माणसं एक दिवस तिच्याकडे येतात. तिचं वर्षाचं खाणं त्यावर आहे. खाचरांच्या दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण आलंय. कुंपणवाल्याचा माणूस दरवर्षी येऊन विचारतो, "आजी, यंदा पड ठेवताय का?" पड राहिलेली जमीन म्हणजे विकायला काढलेली, असंच लोक धरतात.

मी चौथीपर्यंत शिकले. मुलीच्या जुन्या वह्यांची मागची पानं कोरी राहतात, ती टाकवत नाहीत, म्हणून लिहिते. चार माणसांत माझ्याने बोलवत नाही. यंदा न बोलण्याने काय होतं ते बघितलं, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

लावणीच्या थोडं आधी आमच्या बचत गटाला कर्जतला एका हॉलमध्ये चहा-पोह्यांचं काम मिळालं. तिथे परिसंवाद होता. बाजार, विषमता आणि कष्टाचं मोल, असं काहीतरी पाटीवर लिहिलं होतं. एका बाजूला निवृत्त झालेले एक सर, दुसऱ्या बाजूला कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम. आम्ही मागच्या खोलीत होतो, पण दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं.

सर म्हणाले, वस्तूच्या आत किंमत भरून ठेवलेली नसते. घेणाऱ्याला ती किती हवी आहे आणि तिच्यासाठी तो काय सोडायला तयार आहे, त्यावर ती ठरते. बाजार मोकळा झाला म्हणून तुमच्या गावात फोन आले, गाड्या आल्या, पोरांना कंपनीत कामं मिळाली. मला ते खरं वाटलं. आमचे हे खोपोलीला शिळफाट्याजवळ कामाला आहेत, म्हणून घरावर पत्रा जाऊन स्लॅब आला.

मग मॅडम म्हणाल्या, आलं हे मान्य. पण कुणाच्या दारात किती आलं? जिची जमीन हायवेला लागून होती तिचा बंगला झाला, आणि शेजारीण त्याच बंगल्यात भांडी घासायला जाते. जन्मभर दोघी सारख्याच राबल्या होत्या. मलाही ते खरं वाटलं. आमच्या गटातल्याच दोघी तशा जातात.

मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले तर सरांनी माझ्याकडे बोट केलं. म्हणाले, "हा चहाच घ्या. मला तहान आहे म्हणून मी दहा रुपये देईन. तहान नसती तर एकही दिला नसता. चहा तोच."

मॅडम म्हणाल्या, "आणि या ताई पहाटे उठल्या, चार मैल आल्या, ते तुमच्या तहानेवर ठरणार?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ट्रेकडे बघत उभी राहिले. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, गार झाल्यावर दोघांच्याही हिशेबाने त्याचं काय मोल राहणार नाय! आधी प्या!" सगळे हसले, तेव्हा कुठे मला आत पळता आलं.

माझा पुतण्या त्या दिवशी तिथे आला होता. मोठ्या जावेचा मुलगा. बी.कॉम. झालेला, खालापूरकडे एका मोठ्या गोदामात काम करतो. स्वभावाने चांगला आहे, वर मान करून बोलत नाही. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले तेव्हा तो उठला. म्हणाला, "गावात आम्ही दिवसाला दिवस देतो. माझा एक दिवस गेला की पगार कापला जातो. घरी असणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं काहीच जात नाही. तरी दोन्ही सारखे धरायचे का?"

सर म्हणाले, "तू जे सोडतोस ती तुझ्या दिवसाची किंमत. समोरचा काहीच सोडत नसेल तर ते सारखं कसं?"

मॅडम म्हणाल्या, "दिवस सारखेच असतात, पगार सारखे नसतात. आणि जो तुझा पगार कापतो त्याला कधी विचारलंस का हे?"

टाळ्या पडल्या. तो लाल होऊन खाली बसला. परत येताना जीपमध्ये तो माझ्या शेजारी होता.  हळूच म्हणाला, "काकी, मॅडमचं बरोबर हाय. पण मी विचारायला गेलो तर दुसऱ्या दिवशी गेटवरनंच परत पाठवतील. तिथं कोण टाळ्या वाजवणार?"

 त्याचं मला पटलं.

दरवर्षी त्यांच्या घरातून सावडीला माझी जाऊ जायची. यंदा तिच्या गुडघ्याने दगा दिला, म्हणून त्याला जावं लागणार होतं. सावड सुरू होण्याआधी अकरा घरची माणसं आमच्या पडवीत जमली, कुणाची लावणी कधी ते ठरवायला. थोरल्या आईची पाळी शुक्रवारी लागली. तेव्हा पुतण्या म्हणाला, "एक सांगू का? राग मानू नका. थोरल्या आईचं आता वय झालंय. तिला वाकून लावता येत नाय, नुसती बसून रोपं काढते. तिचा दिवस अर्धा धरावा. त्या सरांनीपण तेच सांगितलं."

त्याची आई म्हणाली, "गप रं. लाज नाय वाटत?" पण बाकीचे खाली बघत राहिले, म्हणजे त्यांच्याही मनात होतं. एक बाई म्हणाली, "पोरगा खोटं बोलत नाय. आमी चिखलात कंबर मोडायची आन् थोरलीनं पाटावर बसायचं."

थोरल्या आईने सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "खरं हाय. अर्धा तर अर्धा."

सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. लगेच कुणाच्या तरी रेडकाच्या गोष्टी सुरू झाल्या. मी चहा देत फिरत होते. दहा घरी अर्धा अर्धा म्हणजे तिला माणसं मिळणार पाच. पाच माणसांत एक खाचर लागेल, दुसरं पड राहील. हे माझ्या डोक्यात स्पष्ट होतं. हॉलमध्ये मीही होते, पुतण्याने सरांचं सांगितलं, मॅडमचं सांगितलं नाही, हेही मला माहीत होतं. थोरल्या आईने माझ्या हातून कप घेतला तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. मी पुढच्या माणसाकडे गेले.

पहिल्या दिवशी सावड पुतण्याच्याच शेतात होती. थोरली आई सकाळी सगळ्यांच्या आधी आली. बुटका पाट चिखलात टेकवून रोपांत बसली. तिचं काम बघण्यासारखं असतं. बोटं मातीत घालून रोपं हलकेच वर घेते, मुळं पाण्यात खळबळते आणि रोपाच्याच पातीने मूठ बांधते. लावणाऱ्याने मूठ नुसती झटकली की ती सुटते. आम्ही लावत पुढे जातो तशा मुठी येत राहतात, कुणाला मागाव्या लागत नाहीत. म्हणूनच बहुतेक त्या कामाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

दुपारची भाकरी झाली आणि थोरली आई हातपाय धुऊन पाट डोक्यावर घेऊन निघाली.

जाऊ बांधावर बसली होती. ती म्हणाली, "कुठं चालल्या?"

"घरी. अर्धा झाला."

"थट्टा करताय का थोरल्याबाय?"

"थट्टा कसली गं? अर्धा धरलाय तर अर्धाच देनार. वरचा कशाला फुकट घेता?"

आणि ती गेली. रागावलेली मुळीच दिसत नव्हती. मी नंतर तिला विचारलं, तर तिला माझं विचारणंच कळलं नाही. अर्धा ठरला म्हणजे दुपारी घरी जायचं, यात राग कसला, असं ती म्हणाली. तिला ते खरंच तसं वाटलं होतं.

तिच्या जागी पुतण्या बसला. त्याला जमेना. रोपं उपटताना निम्मी मुळं मातीतच राहायची. मुठी त्याने इतक्या घट्ट बांधल्या की आम्हाला त्या दातांनी सोडाव्या लागल्या, चिखलासकट. मग मुठी संपल्या आणि आम्ही नऊजणी पावसात नुसत्या उभ्या. पडवीत कंबर मोडते म्हणणारी बाईच ओरडली, "अरं, टाक की मुठी! उभ्या उभ्या आमालाच मुळं फुटायची!"

त्या दिवशी त्याचं एक खाचर राहून गेलं.

संध्याकाळी मी थोरल्या आईकडे भाजी घेऊन गेले तर तो तिथे आधीच बसला होता. म्हणत होता, "थोरले आई, चुकलं. मुठीवर धरू आपण. मुठी मोजल्या तर तुझा एकटीचा दीड दिवस होतो."

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "दीड नको मला."

"का? हक्काचा हाय."

"आज बोटं चालतात म्हणून दीड. पुढल्या साली चालली नाय, की पाव करशील. तुझ्या आयशीचा गुडघा गेलाय, तिचं किती धरशील? दिवस म्हंजे दिवस. तेवढंच ठेव."

त्याने सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाला, "ते कळतंय मला. पण माझा पगार कापतात त्याचं काय? बाकी घरांच्या दिवसांना साठवलेल्या रजा घातल्या, त्या संपल्या. तुझ्याकडं शुक्रवारी आलो की ती एक हजेरी जातेच. घराचा हप्ता..." 

थोरल्या आईचे हात थांबले. "ते बी खरं हाय रं," ती म्हणाली. "त्याला मी काय करू, मला म्हाईत नाय."

ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. दोघांचंही खरं होतं. मी भांडं ठेवून निघणार होते. उंबऱ्यापर्यंत गेलेही. मग पडवीतला तो कप आठवला आणि मी पाठमोरीच म्हणाले, "तुझी सुट्टी कधी असते?"

"बुधवारी. का?"

"मग थोरल्या आईची लावणी शुक्रवारी नको. बुधवारी ठेवू. त्या दिवशी तुझं कापलं जाणार नाही."

 बोलून गेले आणि मला वाटलं चुकलं. बुधवार म्हणजे पाच दिवस उशीर, आणि थोरल्या आईची रोपं आधीच गुडघ्याच्या वर गेली होती. जास्त वाढलेलं रोप लावल्यावर नीट धरत नाही.

थोरली आई म्हणाली, "वाढली तर वाढली. मुळं मी सांभाळीन. बुधवार सांग सगळ्यांना."

"मी सांगते," मी म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी खरंच उरलेल्या आठ दारांत जाऊन सांगितलं. कुणी वाद घातला नाही. कंबर मोडणारी बाई म्हणाली, "अगं बाई, तुला बोलता येतं की!" आणि मग, "थोरलीला म्हणावं, माझ्याकडं पुरा दिवस बस."

बुधवारी दहाही घरची माणसं आली. पुतण्या चांगलं काम करत होता, त्याचा हात लावणीला जलद आहे. दुपारी भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण झालं, आणि हात पुसतोय तोच त्याचा फोन वाजला. गोदामात गाड्या जास्त आल्या होत्या. सुट्टी रद्द, तीनपर्यंत ये म्हणाले. तो फोन हातात धरून चिखलात उभा राहिला.

"जा," थोरली आई म्हणाली.

त्याने बांधावर पाय धुतले, पँट घातली. एक कोपरा शिल्लक होता. त्याच्याकडे बघत तो मला म्हणाला, "काकी, माझा आजचा अर्धा धरा."

थोरली आई रोपांत बसली होती, तिने मानही वर केली नाही. म्हणाली, "पुरा धर गं त्याचा."

"पन मी दुपारीच..."

"गाडी जाईल तुझी. पळ."

तो बांधावरून पळतच गेला. रस्त्याला लागेपर्यंत दोनदा मागे वळून बघितलं.

सर आणि मॅडम यांच्यात कोण बरोबर, हे मला कुणी विचारलं तर अजून सांगता येणार नाही. तो कोपरा शेवटी थोरल्या आईने मुठी दिल्या आणि मी एकटीने लावला. अंधारून आलं होतं, घाईत हात पडला तसा लावला. आता सगळं खाचर हिरवं झालंय, तेवढा कोपरा जरा विरळ दिसतो. कुंपणवाल्याचा माणूस येऊन बघून गेला. यंदा त्याने काही विचारलं नाही.