कोऱ्या कार्डाच्या बाई

साताऱ्याच्या सैनिक कचेरीतल्या बाई मारहाणीबद्दल कधीच थेट विचारत नसत. आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा माझं सुजलेलं मनगट पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "आज भाकरी कोण थापणार हाय?"

"सासूबाई."

"आन् उद्या?"

मला रडूच फुटलं.

वडूजजवळच्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. एकाहत्तरच्या लढाईहून आमचे मालक नाईक होऊन आले, तेव्हा गावानं हार घातले. पुढे मात्र दर सुट्टीत हे दिवसभर गोठ्यात बसून राहायचे आणि एखादं भांडं पडलं तरी अंगावर धावून यायचे. सासूबाई म्हणायच्या, "फौजी गडी हाय, तापट असायचाच." मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

बाई मूळच्या मेढ्याकडच्या. काम विधवांच्या पेन्शनचे कागद भरायचं. ते उरकलं की आमच्यासारख्यांच्या घरी डोकावत. दुसऱ्या खेपेला त्या माझ्याकडे न येता सरळ गोठ्यात यांच्यापाशी जाऊन बसल्या. चांगले दोन तास. मी आत धुमसत राहिले. मार मी खायचा आणि विचारपूस यांची? त्या जायला निघाल्या तेव्हा मी तसं बोलूनही दाखवलं.

"त्यांचं ऐकलं म्हणून तुझं खोटं ठरत न्हाई, पोरी," त्या म्हणाल्या आणि यांच्याकडे वळल्या. "नाईक, डोक्यात काय चालतं ते मला कवाबी सांगा. पण हिच्यावर हात उचलला तर तुमच्या साहेबांना माझं पत्र जाईल."

हे मान खाली घालून "व्हय" म्हणाले. बाई नक्की कुणाच्या, ते मला कळेना.

निघताना त्यांनी स्वतःचा पत्ता घातलेलं पोस्टकार्ड माझ्या हातात ठेवलं. मला तेव्हा लिहिता येत नव्हतं. तसं सांगितल्यावर म्हणाल्या, "कोरंच टाक. मी वाचीन."

पुढच्या सुट्टीत यांनी मला ढकललं आणि जात्यावर आपटून माझं कपाळ फुटलं. तीन दिवस ते कार्ड चोळीत घेऊन हिंडले. टाकावं तर घराची अब्रू जाते, न टाकावं तर जीव. चौथ्या दिवशी टाकलं. बाई आल्या, सासूबाईंच्या देखत माझी पिशवी भरली आणि मला पलूसला माहेरी पोचवलं. पत्रही गेलं. साहेबांनी यांना डोक्याच्या इलाजासाठी पुण्याच्या लष्करी इस्पितळात ठेवलं. इकडे मी भाचीच्या पाटीवर अक्षरं गिरवू लागले. पुन्हा कार्ड टाकायची वेळ आली तर त्यावर काहीतरी लिहिता यावं, एवढ्यासाठी.

सहा-सात महिन्यांनी हे आले आणि अंगणातच थांबले. "बाईंनी सांगितलंय, तू म्हणशील तरच आत यायचं."

मी एसटीनं साताऱ्याला गेले. बाईंना विचारलं, "नांदायला जाऊ का?"

"ते मी न्हाई सांगणार. दुसरं कार्ड देते."

मला राग आला. त्या जा म्हणाल्या असत्या तर पुढचा दोष त्यांचा झाला असता. नको म्हणाल्या असत्या तर मी सुटले असते. शेवटी गेले. यांनी पुन्हा हात उचलला नाही. तरी हे झटकन उठले की मी अजून भिंतीकडे सरकते. गेले ते बरोबर केलं का, हे मला आजही सांगता येत नाही.

नोकरी संपल्यावर बाई सांगलीला भावाकडे राहिल्या आणि तिथंच वारल्या. आम्ही दोघं त्यांच्या भावाला भेटायला गेलो. इतकी वर्षं मी त्यांना माझ्या बाई समजत होते. पण उंबऱ्यातच हे असे रडायला लागले की बाईंच्या भावानं मला बाजूला करून आधी यांना पाणी दिलं. मला रडूच येईना. राग येत होता, तोही कुणाचा ते कळत नव्हतं. परतताना एसटीत खिडकीची जागा मी यांना दिली.