दोरी नसलेली बेल

आधीच सांगून टाकतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. नव्हता, म्हणा हवं तर. तीस वर्षं एसटी चालवली मी, धुळे डेपोत. कुठल्या कुठल्या आडगावात मुक्कामी गाडी लावून टपावर झोपलो, पण भूत म्हणून कधी काही दिसलं नाही. दिसले ते फक्त खड्डे. कंडक्टर मंडळी हडळीच्या गोष्टी रंगवायला लागली की मी विचारायचो, "तिकीट फाडलं का रे तिचं?" तर असा मी माणूस. या ग्रुपवरचे अनुभव माझी सून मला वाचून दाखवते आणि मी हसतो. परवा ती म्हणाली, "नाना, हसताय काय, तुमचं ते वांजिकूचं लिहा ना." म्हणून मी बोलतोय, ती टाईप करतेय. चुका तिच्या.

रिटायर झाल्यावर घरात बसून बायकोशी भांडण्यापेक्षा बरं म्हणून मी एका विमान शिकवणाऱ्या शाळेची व्हॅन धरली. शाळा म्हणजे शिंदखेड्याच्या बाजूला माळावर एक धावपट्टी, एक शेड आणि चार चिमुकली विमानं. आजूबाजूला कपाशी नि दादर ज्वारी. तिथे राहायची सोय नाही. म्हणून परदेशी पोरापोरींना सोनगीरला रफिकभाईंच्या दुमजली घरात ठेवलेलं. खाली मुलं, वर मुली. नेपाळची, मालदीवची, श्रीलंकेची, केनियाची, अशी अकरा जणं. एक गिझर आणि त्याच्यासाठी पहाटे पाचपासून रांग. शेवभाजीचा पहिला घास खाल्ला की नवीन पोरगं रडणार आणि महिन्याभराने तेच पोरगं रस्सा आणखी मागणार, हे ठरलेलं. पहाटे साडेपाचला मी त्यांना उचलायचो नि उजाडताना धावपट्टीवर सोडायचो.

आता बेलचं सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. नोकरीतल्या सुरुवातीच्या वर्षांत मी एकदा डबल बेल न ऐकता गाडी काढली होती. एक आजोबा दारातून पडले, त्यांचा हात मोडला. तेव्हापासून माझा पाय डबल बेलशिवाय क्लचवरून उठतच नाही, काय करणार! म्हणून व्हॅनमध्येसुद्धा मी भंगारातून आणलेली एसटीची घंटा बसवली आणि मागपर्यंत दोरी ओढली. शेवटी चढेल त्याने दार लावून दोनदा ओढायची. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. अकरा परदेशी वैमानिक, पण गाडी हलायची ती एसटीच्या नियमाने.

सगळ्यात जास्त हौस वांजिकूला. केनियाची पोरगी, बावीस-तेवीसची, उंच, हसली की पूर्ण व्हॅन हसायची. मुद्दाम मागच्या सीटवर बसायची, दोरीसाठी. मोडकंतोडकं हिंदी बोलायची. आजीने वाढवलेली. आजीला ती 'शोशो' म्हणायची. दर रविवारी रफिकभाईंच्या गच्चीवर मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवायची, उगाली म्हणतात त्याला. मला वाटीभर द्यायचीच द्यायची. खरं सांगू? चव काही नाही. पण मी खायचो.

डिसेंबरात तिची शोशो गेली. जाणं शक्य झालं नाही. अंत्यविधी तिने गच्चीवर मोबाईलवर बघितला आणि नेटवर्क सारखं तुटत होतं... टाकीला टेकून बसलेली ती मला अजून दिसते. त्यानंतर पोरगी पार मिटली.

आता यांच्यात असं असतं की सर शेजारी बसून शिकवतात, आणि एक दिवस विमान थांबवून स्वतः उतरतात. म्हणतात, जा, एक फेरी एकटी मारून ये. ती पहिली एकटी फेरी झाल्याशिवाय पुढचं काही नाही. वांजिकूचं सर शेजारी असले की सगळं चोख. सर उतरले की हातपाय गार. तीनदा असंच झालं. शेवटी सर म्हणाले, पोरी, अजून एकदा बघू, नाहीतर तुला घरी पाठवावं लागेल. सर वाईट नव्हते हो, पण नियम तो नियम.

तिने 'अजून एकदा'ची वाट बघितलीच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मोठी बॅग घेऊन खाली आली. "नाना, मुझे जलगाव स्टेशन छोड़ दो. मैं घर जाती." दुपारची मुंबईची गाडी होती. सरांना चिठ्ठी लिहून ठेवली होती तिने. मी खूप समजावलं. पण ऐकेल तर शपथ. म्हटलं, बाकीच्यांना धावपट्टीवर सोडतो, मग तुला अमळनेरवरून जळगावला नेतो. मला फार वाईट वाटत होतं. स्वतःची लेक शिक्षण सोडून परत चालली असती तरी याहून काय वेगळं वाटलं असतं?

जानेवारी होता. बाकीची उतरली तेव्हा अशी धुई पडली होती की शेडसुद्धा दिसेना. विमानं सगळी जागच्या जागी. धावपट्टीपासून हायवेच्या फाट्यापर्यंत आठ किलोमीटरचा अरुंद डांबरी रस्ता. मी रोज दोनदा जाणारा, त्यामुळे खड्डा न् खड्डा पाठ. दोन्ही बाजूंनी पांढरंशुभ्र. कपाशीच्या पऱ्हाट्यांचे नुसते शेंडे दिसत होते, तेही मधूनच. इंजिनाचा आवाज लांबून कुठूनतरी येतोय असं वाटत होतं. रस्ता संपत नव्हता, आणि गंमत म्हणजे संपावा असंही वाटत नव्हतं. मागे वांजिकू काचेला डोकं टेकून मुसमुसत होती.

आणि एक बेल वाजली. टिंग.

माझा पाय आपोआप ब्रेकवर. "क्या हुआ बेटा?" ती म्हणाली, "मैंने नहीं खींचा, नाना."

डाव्या हाताला एक निंब होता, त्याच्याखाली बसायला घडीव दगड. दगडावरून एक म्हातारी उठत होती. हिरवं जुनं लुगडं, कपाळावर गोंदण, हातात रिकामा पितळी गडू. सरळ मागचं दार उघडून ती वांजिकूच्या शेजारी जाऊन बसली, जणू रोजचा पास असलेली.

"दादा, फाटालगुन सोड माले," ती म्हणाली. आमची अस्सल अहिराणी, फाट्यापर्यंत सोड मला. मी म्हटलं, "बसा अक्का." दार लागलं, डबल बेल वाजली, मी गाडी काढली.

आरशात मी बघत होतो. म्हातारीने वांजिकूच्या डोक्यावरून हात फिरवला. "कोठे चालनी व माय?" वांजिकू काहीतरी पुटपुटली. म्हातारी म्हणाली, "अर्धी शेकेल भाकर तव्यावर टाकी कोन ऊठस? बस चुल्हापान. होऊ दे तिले." म्हणजे अर्धी भाजलेली भाकरी तव्यावर टाकून कोण उठतं, बस चुलीजवळ, होऊ दे तिला. मग दोघी बराच वेळ हळू बोलत होत्या. मला चुलीच्या धुराचा वास येत होता, आणि डोळे मिटावेत इतकं शांत वाटत होतं. स्टिअरिंगवर असा गुंगलो मी उभ्या जन्मात नव्हतो.

फाटा आला. एक बेल. म्हातारी उतरली आणि दार धरून वांजिकूला म्हणाली, "त्या तुन्हावर पानी टाकतीन ना, तवय गडूभर मन्हासाठे ठेव." ते तुझ्यावर पाणी टाकतील तेव्हा गडूभर माझ्यासाठी ठेव. बोलून ती धुईत दोन पावलं गेली आणि दिसेनाशी झाली. धुईत कुणीही दिसेनासं होतं, त्यात काही विशेष नाही.

मी जळगावच्या अंगाला वळणार तोच वांजिकू म्हणाली, "नाना, वापस. एअरस्ट्रिप." डोळे पुसलेले.

मला इतका आनंद झाला की मी भर हायवेवर यू-टर्न मारला. एसटीत मेमो मिळाला असता. म्हटलं, "म्हातारी लाख बोलली हं! पण तुला आमची बोली समजली कशी?"

"कौनसा बोली?" ती म्हणाली. "वो तो मेरा भाषा बोली, किकुयु. शोशो के गाव जैसा."

मी हसलो. मग हसू थांबलं. मी विचारलं, काय म्हणाली ती? वांजिकूने सांगितलं: अर्धी ढवळलेली उगाली चुलीवर सोडून कोण उठतं, बस इथे, होऊ दे. आणि तुझ्यावर पाणी ओततील तेव्हा थोडं माझ्यासाठी ठेव.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आता सांगताना पण आलाय, सुनेला दाखवला. आणि तेव्हाच माझं लक्ष डोक्यावरच्या घंटेकडे गेलं. अरे देवा! दोरी आदल्या संध्याकाळीच तुटली होती. मीच गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकली होती. कप्पा उघडून बघितला, दोरी तिथेच. मग सकाळपासून बेल मारत कोण होतं?

दहाला धुई उठली. चिठ्ठी सरांच्या हातात पडली होती. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली आणि एवढंच म्हणाले, "चल." दोघांनी तीन फेऱ्या मारल्या. मग विमान थांबलं, सर उतरले आणि मागे न बघता चालत शेडकडे आले. मी कुंपणाच्या तारेला धरून उभा. विमान जागेवर घुरघुरत राहिलं... एक मिनिट... दोन मिनिटं. मी आपला मनात, "बस पोरी, बस चुलीपाशी, होऊ दे."

गेली. गेली हो! सहा-सात मिनिटं ती त्या निळ्या आभाळात एकटी होती, आणि मी तीस वर्षांत घेतलं नाही तेवढं देवाचं नाव घेतलं. उतरताना दोन उड्या मारल्या विमानाने, पण उतरलं. मग काय! यांच्यात रीत असते, पहिली एकटी फेरी मारणाऱ्याला बादल्या ओतून भिजवायचं. पोरांनी टाकीच रिकामी केली. मी पण एक बादली ओतली. वांजिकू हसत, थरथरत उभी होती आणि एका हातात उघडी बाटली डोक्यावर धरून पाणी झेलत होती.

परतीच्या आधी तिला एकटीला घेऊन मी त्या रस्त्याला निघालो. रोजचाच रस्ता, स्वच्छ ऊन. निंब नाही. दगड नाही. दोनदा गेलो, दोनदा आलो. दोन्ही बाजूंना कपाशीच कपाशी. शेवटी अंदाजाने एका ठिकाणी गाडी लावली. तिने उतरून बाटलीतलं पाणी मातीवर हळूहळू ओतलं, आपल्या भाषेत काहीतरी बोलली आणि येऊन मागच्या सीटवर बसली. दार लावलं.

मी आपला बसून. दोरी कप्प्यात. तिलाही ते माहीत, मलाही. म्हटलं, आज तरी बेलशिवाय गाडी काढावी. पण पाय उठेना.

ती वैमानिक होऊन मायदेशी गेली, दिवाळीला फोन करते. दोरी मी अजून बांधलेली नाही. सून म्हणते, धक्क्याने वाजली असेल घंटा. असेल बाई. पण त्या दिवशी तिने दार लावलं तेव्हा गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, वारा नव्हता, आणि आम्ही दोघं श्वास धरून वर बघत होतो. याचा अर्थ कुणाला लागला तर मला सांगा, मला तरी आजवर लागलेला नाही.

टिंग-टिंग.

मी गाडी काढली.