सॅलॅमँडरचा बंदोबस्त

आमच्या घराण्यात कुठल्याही गोष्टीचा कायमचा बंदोबस्त करायची खोड आहे. नळ गळला की आम्ही वॉशर बदलून थांबत नाही, अख्खा नळच बदलतो. माझी नोकरीही तसलीच: सॉफ्टवेअरमधला बिघाड पुन्हा होऊ नये याचाच मला पगार मिळतो. पुणं सोडून अमेरिकेत नेपरव्हिलला घर केलं, पण ही खोड काही सुटली नाही.

मागच्या हिवाळ्यात मुलगी कॉलेज अर्धवट सोडून घरी आली. जीवशास्त्र शिकत होती. डॉक्टर डिप्रेशन म्हणाले, गोळ्या सुरू झाल्या. दिवसभर तिच्या खोलीचं दार बंद. बायको ताट दाराशी ठेवायची आणि बहुतेक वेळा तसंच उचलायची. मी घरून काम करायचो. मीटिंगमध्ये बोलता बोलता एक कान वरच्या मजल्याकडे असायचा. मला भीती वाटत होती. कसली, ते मी बायकोला बोललो नाही आणि तिनेही विचारलं नाही. बाथरूममधली सगळी औषधं मात्र तिने आमच्या कपाटात कुलूप लावून ठेवली.

मार्चमध्ये बर्फ वितळला आणि रात्रभर पाऊस झाला. सकाळी बघतो तर मुलगी बूट घालून मागच्या अंगणात. आमच्या तळघराच्या खिडक्यांना उजेड मिळावा म्हणून बाहेरून जमिनीत खड्डे आहेत, अर्धगोल पत्रा लावलेले. इथे पुष्कळ घरांना असतात. त्यातल्या एकात ती वाकून बघत होती.

"बाबा, टॉर्च आण," ती म्हणाली. कित्येक आठवड्यांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी मीटिंग तशीच टाकून पळालो.

तळाशी पाचोळ्यात काळं, ओलं, वीतभर काहीतरी हललं. "पाल आहे का गं?" मी दोन पावलं मागे सरकून विचारलं.

"पाल नाही बाबा, नीट बघ. खवले आहेत? नखं आहेत? सॅलॅमँडर आहे, बेडकाचा शेपटीवाला भाऊबंद. पिवळे मोठे वेडेवाकडे डाग, सो टायगर सॅलॅमँडर. निळे बारीक ठिपके असते तर ब्लू-स्पॉटेड."

कोरड्या हातांनी त्यांच्या कातडीला इजा होते, म्हणून तिने हात डबक्याच्या पाण्यात भिजवले आणि त्याला अलगद उचललं. घरामागच्या झाडीत एक तळं आहे, दर उन्हाळ्यात आटणारं. तिथे जाताना ती सांगत होती, आणि मी मध्ये बोलून ते थांबेल या धास्तीने गप्प होतो. यांची अंडी त्याच पाण्यात. पिल्लांच्या मानेशी पिसांसारखे कल्ले असतात. पाणी आटायच्या आत कल्ले जाऊन फुफ्फुसं तयार व्हायला हवीत, नाही झाली तर पिल्लू मेलं. मग एवढं धोक्याचं तळं कशाला, असं शेवटी मी विचारलंच. आटणाऱ्या तळ्यात मासे टिकत नाहीत, ती म्हणाली, आणि मासे असले तर पिल्लं टिकत नाहीत. मोठं झाल्यावर ते जमिनीखाली बिळात राहतं. हिवाळा सरला की पावसात वर येतं आणि त्याच तळ्याकडे निघतं. वाटेत आमचं घर. खड्ड्यात पडलं की गुळगुळीत पत्र्यावर चढता येत नाही, ते तिथेच वाळून मरतं.

त्यानंतर ती रोज सकाळी उठायला लागली. खड्डे तपासायचे, कोणी असेल तर तळ्याशी सोडायचं, मग ओट्याशी उभं राहून पोहे खायचे. "काही बोलू नकोस, दृष्ट लागेल," बायको मला दटावायची. मग एका सकाळी एका खड्ड्याच्या कोपऱ्यात निळ्या ठिपक्यांचं एक मेलेलं निघालं. आदल्या दिवशी पाचोळ्याखाली राहून गेलं असणार. त्या दिवशी ती जेवली नाही.

झालं, मी बंदोबस्ताला लागलो. शनिवारी पारदर्शक प्लास्टिकची झाकणं आणली, स्क्रू मारून बसवली, फटीही बुजवल्या. तिने बघितलं. "थँक्स बाबा. हेच करायला हवं होतं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. तिचं दार उघडलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो मी स्वतःच्या हातांनी करून ठेवला होता.

"झाकण काढ," बायको म्हणाली.

"आणि मेलं एखादं?"

"मरू दे." घरातला कोळीसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडणारी ही बाई.

संध्याकाळी मी एका खड्ड्याचं झाकण काढलं. त्या रात्री पाऊस झाला आणि सकाळी खाली एक टायगर होतं, जिवंत. मला त्याला उचलता आलं असतं. मी वर जाऊन तिचं दार वाजवलं. "एक पडलंय."

ती चपलांवरच धावत आली, हात भिजवून तिने त्याला उचललं. मग तिचं लक्ष बाजूला ठेवलेल्या झाकणाकडे गेलं.

"वाऱ्याने उडालं असेल," मी म्हणालो.

"वाऱ्याने स्क्रू काढले?"

मी झाकणाशेजारचे स्क्रू गोळा करायला लागलो.

"इट कुड हॅव डाइड, बाबा. तू मुद्दाम उघडं ठेवलंस? माझ्यासाठी?"

"हो."

"आणि मेलं असतं तर?"

"तर दुसरं पडायची वाट बघितली असती."

तिच्या ओंजळीत ते जनावर शांत पडून होतं. मला वाटलं, ही आता माझ्याशी कधीच बोलणार नाही. तिचे डोळे भरून आले, पण आवाज नीट होता.

"झाकण लाव," ती म्हणाली. "मी उठेन."

ती तळ्याकडे गेली आणि मी झाकण लावलं. स्क्रू धड बसत नव्हते. ती उठते आता, बहुतेक दिवस. मी मात्र रोज सकाळी तिचं दार उघडेपर्यंत जिन्याखाली उभा असतो.