गाठ सोडणारा हात

ही हकिगत मी आजवर कुणाला सांगितली नाही. घरात विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो, नाही तर पेपर उघडायचो. आता ती टाळण्याचंही बळ उरलेलं नाही.

परवा मुलगी, नात अशा घरच्या सगळ्यांबरोबर जंगलाजवळच्या एका हॉटेलात दोन दिवस राहिलो. नातीचा तीन वर्षांचा मुलगा बरोबर होता. पहाटेच्या जंगलफेरीत एवढ्या लहानाला नेत नाहीत, म्हणून तिनं हॉटेलातल्या मुलं सांभाळणाऱ्या मुलीला बोलावलं. त्या मुलीनं एका कागदावर सही घेतली आणि म्हणाली, "मॅडम, बाळाला न्यायला तुम्हीच या. दुसऱ्या कुणाकडे आम्ही देत नाही." नात मला म्हणाली, "किती छान पद्धत आहे ना, आजोबा?" मी कप बशीत ठेवला आणि पेपर उघडला.

ही पद्धत मी पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी पाहिली होती, याच जिल्ह्यात. तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणत. तिथं कागद नव्हता, पदर होता.

मूल गावाच्या पुढं एका तलावाच्या काठी सरकारी बंगला होता. दौऱ्यावरचे साहेब, कंत्राटदार, त्यांची बायकापोरं तिथं उतरत. या सगळ्यांची पोरं एक बाई सांभाळायची. तुम्ही मूल तिच्याकडं दिलंत की ती ते कडेवर घ्यायची, लुगड्याच्या पदराचं टोक पुढं ओढायची, एक गाठ मारायची आणि म्हणायची, "बांधली जी. आता हे लेकरू माहं. सोडाले तुमीच या."

ज्यानं मूल दिलं, त्यानंच येऊन गाठ सोडायची. मगच मूल मिळायचं. चार मुलं असली तर चार गाठी. चालताना तो पदर तिच्या गुडघ्यावर आपटायचा. "आज पदर जड हाय," असं म्हणायची आणि हसायची.

ती तलावावर मासे धरणाऱ्यांच्या घरातली. वय चाळिशीचं असेल. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेलं, आवाज घोगरा. चिंचेखाली शिंदीची चटई टाकून बसायची. खेळणी म्हणजे तलावातले शिंपले आणि बांबूचे तुकडे. गावातल्या बायाही मोहाची फुलं वेचायला जाताना तान्ही पोरं तिच्याकडंच टाकून जात. साहेबाचं पोर आणि मोलकरणीचं पोर एकाच चटईवर, एकाच टोपल्यातल्या लाह्या खात.

एकदा एका बड्या अधिकाऱ्याच्या बायकोनं मुलाला आणायला ड्रायव्हर पाठवला. बाईनं दिलं नाही. ड्रायव्हर ओरडला, "अरे, मी साहेबांचा माणूस आहे!"

"साह्यबाचा असशीन. गाठीचा नाईस."

शेवटी त्या बाईसाहेब स्वतः आल्या, रागानं लाल. बाईनं काही न बोलता पदर पुढं केला. बाईसाहेबांची नखं लांब, गाठ पक्की. सोडता सोडता त्यांनाच हसू फुटलं.

मी एकदा विचारलं, "बाई, हे गाठीचं कशाला?"

"काऊन म्हंजे? लेकरू का बकरी हाय का भाऊ, कोनीबी दोरी धरून न्याले?"

मी रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर होतो. नोकरी कायम व्हायची होती. त्या चैत्रात बंगल्यापासून अर्ध्या मैलावर रस्त्याखालच्या मोरीचं बांधकाम चालू होतं आणि मी सिंधूला, माझ्या बायकोला, आणि अडीच वर्षांच्या छबीला बरोबर आणलं होतं. आल्या आल्या सिंधूला हिवताप भरला. छबी दिवसभर बाईच्या चटईवर. तिला त्या गाठीचं फार वेड. दातांनी सोडवू बघायची. बाई म्हणायची, "तुह्या दातानं नाई सुटत माय. मोठी झाली की तुह्या लेकराची सोडजो."

आमचे साहेब मात्र कडक. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "टूरवर संसार आणायचा नसतो, ओव्हरसियर. पुन्हा मुलगी कामावर दिसली तर तुमच्या कागदांवर मला वेगळं लिहावं लागेल."

तो बाजाराचा दिवस होता. मजूर सगळे बाजाराला गेलेले. दुपारी मी जेवायला बंगल्यावर आलो. सिंधूला ताप उतरून गाढ झोप लागली होती. चिंचेखाली दोन पोरं निजलेली, छबी जागी. मला पाहून तिनं हात पसरले. ताज्या बांधकामावर पाणी मारलंय का, एवढंच बघून यायचं होतं. म्हटलं, नेऊ हिला, कोण बघतंय.

"द्या बाई, फिरवून आणतो."

"गाठ, भाऊ."

"अहो, मी बापच आहे तिचा."

"म्हनूनच त म्हनतो. सोडा."

सकाळी छबीला मीच तिच्याकडं दिलं होतं, म्हणजे गाठ माझी होती. मी घाईघाईनं सोडली. तिनं विचारलं, "सोडली जी?" मी म्हटलं, "सोडली." पदर झटकून तिनं खांद्यावर टाकला आणि आम्ही तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, वळेपर्यंत ती आमच्याकडं पाहत होती.

मोरीपाशी पोचेपर्यंत छबी खांद्यावर झोपली. मी बांधकामाला हात लावून पाहतोय, तोच रस्त्यावर जीपचा आवाज. साहेब! आज यायचे नव्हते. बाजूला सिमेंट ठेवायचं खोपट होतं. मी छबीला आत पोत्यांवर निजवलं आणि बाहेर आलो. पाच-दहा मिनिटांत जातील, असं धरून चाललो होतो.

साहेब म्हणाले, "बसा. पुढची मोरी दाखवा."

पुढची मोरी चार मैलांवर. मी जीपमध्ये बसलो. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही. तिथं साहेबांनी फीत लावून मापं घेतली, मला एक दगड काढायला लावला, पुन्हा बसवायला लावला. मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते. परत येताना जीप खोपटावरून गेली. मी त्या बांबूच्या ताट्याच्या दाराकडं पाहिलं. ते ओढलेलं होतं की उघडं, धुरळ्यात कळलं नाही. साहेबांना चहा हवा होता. तेव्हाही म्हणता आलं असतं, जरा थांबा.

बंगल्याच्या पायरीवर सिंधू उभी होती. अंगात ताप नव्हता, पण उभं राहवत नव्हतं. समोर बाई. चटईवरची बाकीची दोन्ही पोरं तोवर आपापल्या आयांकडं गेली होती.

"छबी कुठं आहे हो?" सिंधूनं मला विचारलं. "ही म्हणते तुम्ही नेली."

साहेब जीपमधून उतरत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "मी? मी तर कामावर होतो."

खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटत होतं की पोरगी खोपटात झोपलेली आहे. दहा मिनिटांत धावत जाईन, घेऊन येईन, काहीतरी जुळवून सांगेन. एवढ्याशा खोट्यानं कुणाचं काय जाणार होतं?

बाईनं पदराचं टोक दोन्ही हातांत धरून वर केलं. "गाठ नाई हाय पाहा जी. भाऊनं सोडली. भाऊ, सांगा ना."

साहेब म्हणाले, "हा काय प्रकार आहे, गाठ?"

"मला काही माहीत नाही," मी म्हणालो.

तिनं टोक खाली सोडलं. चिडली नाही, रडली नाही. एखादं ओळखीचं माणूस गर्दीत दिसेनासं झालं की आपण जसं पाहतो, तशी माझ्याकडं पाहत राहिली.

"मी मोरीकडं बघतो," म्हणून मी पळालो. खोपटाचं दार उघडं होतं. पोत्यांवर छबीच्या अंगाएवढा खळगा पडला होता. छबी नव्हती.

मी हाका मारल्या. मोरीच्या पोटात वाकून पाहिलं. पुढं सगळं जंगल, वाळक्या पानांचा खच. त्या पानांवर अडीच वर्षांच्या पोरीचं पाऊल कसं उमटणार? त्याच महिन्यात त्या बाजूला वाघानं एक वासरू नेलं होतं. तरीही परत धावताना मी मनात काय जुळवत होतो? कसं सांगावं, ते.

बंगल्यापाशी आलो तर तलावात जाळी पडली होती. पोरगी पाळीवरून पाण्यात गेली, असं सगळ्यांनी धरून घेतलेलं. सात-आठ माणसं छातीभर पाण्यात जाळं ओढत होती. सर्वांत पुढं बाईचा नवरा. जाळं काठाला आलं की सिंधू तोंडावर हात घ्यायची. शेवाळ, काटक्या, दोन मरळ मासे. पुन्हा जाळं आत. मी काठावर उभा. त्यांना सांगायला हवं होतं की पाण्यात नाही, जंगलाकडं चला. उन्हं कलली होती आणि मी उभा होतो.

"बाई कुठी गेली?" कुणीतरी विचारलं. "पळाली काय?"

साहेब म्हणाले, "बघा, पळाली."

ती पळाली नव्हती. तिथं माझ्याशिवाय ती एकटीच होती जिला खरं ठाऊक होतं, म्हणून ती एकटीच योग्य वाटेनं गेली होती. मी जिकडून वळताना तिला दिसलो होतो, तिकडून.

दिवस मावळता मावळता ती पाळीवरून आली. कडेवर छबी. हातात मोहाची फुलं, तोंड चिकट. मोरीच्या खूप पलीकडं, मोहाच्या झाडाखाली बसलेली सापडली. सिंधू धावली, पण बाई तिच्या बाजूनं निघून सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पदराला गाठ होती. वाटेत लेकरू हाती लागलं, तेव्हा तिनं पुन्हा बांधली होती.

"सोडा, भाऊ."

सगळे पाहत होते. जाळं खांद्यावर घेतलेला तिचा नवरा, साहेब, सिंधू. ती मला आणखी एक संधी देत होती, हे आज कळतं. मी गाठ सोडली. कुठला पेड आधी ओढायचा हे बोटांना बरोबर माहीत होतं. मी बोललो नाही. तिनं छबी माझ्या हातात दिली आणि पाठ फिरवली.

साहेबांनी बंगल्याची वही मागवली. "लिहा, ओव्हरसियर. तुमच्या हातानं लिहा." मी लिहिलं : मुले सांभाळणाऱ्या बाईच्या हलगर्जीपणामुळे माझी मुलगी दोन तास बेपत्ता होती. खाली सही केली. दुसऱ्या दिवसापासून बाईला बंगल्याच्या आवारात बंदी झाली.

सकाळी सिंधू छबीचं झबलं धूत होती. पाणी राखाडी झालं. "हे सिमेंट कुठलं?" ती म्हणाली.

"चालत गेली असेल खोपटापर्यंत."

सिंधूनं झबलं पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं. त्यानंतर चाळीस वर्षं आम्ही एकत्र काढली, तिनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. मला वाटतं, तिला विचारायची गरज राहिली नव्हती.

माझी नोकरी कायम झाली. दहाएक वर्षांनी मूलच्या बाजारात, बसची वाट पाहताना, ती दिसली. समोर सुकटीचं टोपलं. मी मान वळवायच्या आत तिनं ओळखलं.

"भाऊ! लेकरू बरं हाय ना जी?"

"हो. सातवीत आहे."

"मोठी झाली म्हना." ती मनापासून हसली. "बसा ना घडीभर. पानी पेता?"

मी उभाच राहिलो. तिच्या पदराचं टोक सपाट होतं, धुवून धुवून विरलेलं. वाक्य ओठांवर आलं होतं. बस लागली. मी म्हणालो, "येतो बाई," आणि जाऊन खिडकीत बसलो. खिडकीतून तरी बोलता आलं असतं.

निवृत्त झाल्यावर शोधत त्या गावी गेलो. चिंच होती. तिच्या सुनेनं दारातूनच सांगितलं, "बुढीले जाऊन तीन सालं झाली. तुमी कोन जी?"

"बंगल्यावर उतरायचो पूर्वी."

"बंगल्यावर?" तिनं मला नीट पाहिलं. "बुढी सोताच्या नातवालेबी एकटी घेत नोती. म्हने, मले देऊन जाऊ नोका, जवळ कोनी तरी बसा. गावानंबी मंग लेकरं देनं सोडलं होतं. काऊन असं, तुमाले काई मालूम हाय?"

मी म्हणालो, "नाही."

तिथंही मी नाहीच म्हणालो.

छबीला आता स्वतःची नातवंडं आहेत. परवा हॉटेलच्या व्हरांड्यात ती सगळ्यांना रंगवून सांगत होती, "मला लहानपणी एका बाईनं हरवलं होतं बरं का जंगलात!" सगळे हसले. मी पाणी प्यायला उठलो नाही. खोलीत गेलो, कागद घेतला आणि हे लिहायला बसलो. लिहून झालं की आधी छबीला वाचायला देणार आहे. पण मूलच्या बाजारात जे वाक्य ओठांवर येऊन थांबलं, ते तिच्यासाठी नव्हतं. ते असं होतं : बाई, लेकरू मीच नेलं होतं. गाठ मीच सोडली होती. तुम्ही खरं बोलत होतात आणि मी वहीत खोटं लिहिलं. मला माफ करा.