कोपऱ्यातले दोन टाके

आज चहाच्या टपरीवाल्याने माझ्यासमोर ओटा पुसला, तो मी शिवलेल्या टॉवेलने. कोपऱ्यावर मी नेहमी दोन टाके जास्त घालते, त्यावरून ओळखला. माल परदेशात जायचा होता, तो अडकला म्हणून इथेच स्वस्तात विकला गेला. तिकडचं लेबल अजून तसंच होतं.

गेल्या महिन्यात मी घरी शिवलेला गठ्ठा कारखान्यात द्यायला गेले, तेव्हा मुकादम म्हणाले, "काकू, आता नवीन गठ्ठा नाही. तिकडून मागणी थांबली."

"माझं काही चुकलं का?"

"तुमचं कसलं चुकतंय! त्या देशाने शेजारच्या देशांशी करार केलाय. त्यांच्या मालाला आता जकात नाही. आपण करारात नाही, आपल्याला जकात आहेच. मग आपला टॉवेल तिथे महाग पडतो."

"आपल्याला कुणी विचारलं नाही?"

"लग्न त्यांचं, काकू. तुम्हाला कोण विचारतंय!"

ते हसले म्हणून मीही हसले. घरी येऊन मशीनवर जुनी चादर टाकली.

इतकी वर्षं मला वाटायचं, शिवण सरळ असली की काम टिकतं. कुणी आमच्याशी भांडलं नाही, मालाला नावं ठेवली नाहीत. त्यांनी आपसात ठरवलं आणि आम्ही बाहेर राहिलो.

टपरीवाला म्हणाला, "मावशी, टॉवेल झकास आहे. रोज घासतो, पण कोपरा उसवत नाही."

मी टॉवेलचा कोपरा हातात घेऊन ते दोन टाके चाचपले. शिवणीत चूक असती, तर उसवून पुन्हा शिवून दिली असती.